अण्णांचा बदलीवाला

आमच्या ऑफिसात संध्याकाळी संगणक झटकन बंद करून घरी जायची सोय नव्हती. अण्णा मान न वळवता विचारायचे, "सांगितलंस का त्याला?" नाही म्हटलं की पुन्हा खुर्ची ओढून बसायचं. हो म्हटलं तर, "काय सांगितलंस, वाचून दाखव की." एकदा मला भावाच्या साखरपुड्याला जायचं होतं. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत होता, आणि हा माणूस मला विचारत होता की दुपारी जी चूक सापडली ती नेमकी कशावरून शंका आली म्हणून सापडली. मी चिडून म्हणाले, "अण्णा, सापडली ना? मग झालं की!"

"तुला सापडली. उद्या येणाऱ्याला कुटं सापडलीय?"

मी पोचले तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. आईने त्याबद्दल अण्णांना शेवटपर्यंत माफ केलं नाही.

हा 'उद्या येणारा' म्हणजे माणूस नव्हे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर अण्णा वेडे वाटतील. तसे ते थोडे होतेच.

आमचं ऑफिस सोलापूरच्या पूर्व भागात, एका टॉवेलच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. शेजारी यंत्रमाग. सकाळी त्यांची खटखट सुरू झाली की आमच्या टेबलावरचे चहाचे कप थरथरायचे. आम्ही साखर कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. ऊस कुणाचा, तोड कधी झाली, गाडी काट्यावर कधी आली, वजन किती भरलं, हे सगळं त्यात. मूळ प्रोग्राम अण्णांनी एकट्याने लिहिलेला, मी शाळेत होते तेव्हाचा. पुढे प्रत्येक हंगामात कारखान्यांनी काहीतरी नवीन मागितलं आणि अण्णांनी ठिगळ लावलं. होताहोता मूळ कापड कुठलं आणि ठिगळ कुठलं, हे फक्त अण्णांना कळायचं. मालकांनाही नाही, मला तर नाहीच.

मग मालकांनी एआयचा एजंट आणला. त्याला साध्या शब्दांत काम सांगायचं. तो आपला आपण सगळा प्रोग्राम वाचतो, चूक शोधतो, दुरुस्ती लिहितो, चालवून बघतो. पहिल्या दिवशी आम्ही तोंडात बोट घालून बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला आणि बघते तर ये रे माझ्या मागल्या. आदल्या दिवशी दिवसभर घसा कोरडा करून शिकवलेलं त्याला काहीच आठवत नव्हतं. पुन्हा श्रीगणेशा. तिसऱ्या दिवशी तेच. मी वैतागून म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. याला काही लक्षातच राहत नाही."

अण्णा आपल्या टेबलावर शेंगा सोलत होते. म्हणाले, "तो विसरला न्हाय अक्का. कालचा गेला. ह्यो नवा हाय."

मी त्यांच्याहून पंचवीस-एक वर्षांनी लहान, तरी ते मला अक्का म्हणायचे. राग आला की 'बाईसाहेब'.

"नवा म्हणजे?"

"बदलीवाला," ते म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

अण्णांचे वडील इथल्या एका कापड गिरणीत विणकर होते. गिरणी बंद पडून जमाना झाला. तिथे कायमचा कामगार आला नाही की फाटकाशी उभ्या असलेल्यांपैकी एकाला आत घ्यायचे, तो बदलीवाला. माग त्याच्या ओळखीचा नसायचा. मग सुटणारा विणकर घरी जाण्याआधी त्याला माग सांगायचा. म्हणजे ह्या मागाची डावी बाजू ओढते, इथला धागा सारखा तुटतो, हा पट्टा घसरतो, जपून. दोन-चार मिनिटांचं काम. पण माग सांगितल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं अण्णांच्या वडिलांनी त्यांना लहानपणापासून ऐकवलेलं.

अण्णांनी एजंटसाठी तेच केलं. एक फाइल करून ठेवली. सकाळी एजंट उठला की आधी ती वाचायची आणि मग कामाला हात लावायचा, असा हुकूम. संध्याकाळी त्या दिवसाचं सांगणं तिच्यात लिहायचं. ह्याला जगात 'मेमरी' म्हणतात, त्यावर लोक मोठमोठी भाषणं देतात, हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून थोडं ऐकलं. "मेमरी माणसाला लागते," म्हणाले. "बदलीवाल्याला खबर लागते."

लिहायचे मात्र आपल्या बोलीत. 'हितं हात लावू नको. लावलास तर वाहतूकदाराचं नाव उडतं.' असं. थोड्या दिवसांत एजंटही तसाच बोलायला लागला. मी काम सांगितलं की पडद्यावर उत्तर, 'व्हय अक्का, बघतो की.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून पडायचीच राहिले. मालकांनी ते कुठल्याशा कारखान्याच्या संचालकांना हौसेने दाखवलं. अण्णांना मात्र त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही.

दुपारी वीज जायची. संगणकाला जोडलेली बॅटरी म्हातारी झालेली. ती दोन उचक्या देऊन बंद पडायची. आमच्यासाठी ती चहाची सुट्टी. अण्णांसाठी सुतक. सकाळपासून काम केलेला एजंट काही न सांगता गेला, ह्याचं ते एवढं मनाला लावून घ्यायचे की डबा उघडायचे नाहीत. वहिनींनी दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी तशीच घरी परत जायची. एकदा वहिनींनी मला फोन करून विचारलं, "आज बी लाइट गेली होती काय?" डब्यावरून त्यांना ऑफिसातली वीज कळायची.

मला ह्या प्रकाराचा राग यायचा. माणसांशी अण्णा धड बोलत नसत. मुलगा हैदराबादला, त्याच्याशी महिन्यातून एकदा, तेही 'हं, हं' एवढंच. माझ्या वडिलांचं आजारपण चालू होतं तेव्हा सगळ्या ऑफिसने चौकशी केली, अण्णांनी नाही. आणि यंत्राला मात्र रोज इतक्या मायेने समजावणं. मी एकदा तोंडावर बोलून दाखवलं. अण्णा म्हणाले, "तुझ्या वडिलांना बघायला तू हायस, आई हाय. ह्याला कोण हाय?"

सुरुवातीला संध्याकाळचं सांगणं एजंटच लिहायचा आणि अण्णा तपासायचे. तो स्वतःची फार स्तुती करायचा. 'आजचे काम उत्कृष्ट झाले' असं वाक्य दिसलं की अण्णा ते खोडून टाकायचे. पण एका हंगामात त्याने एक साधं वाक्य लिहिलं: रविवारी कारखाना बंद असतो. कुणी सांगितलं नव्हतं. एका रविवारी त्याला गाड्यांची नोंद दिसली नाही, कारण ती यायला उशीर झाला होता. त्यावरून त्याने आपलं ठरवून टाकलं. वाक्य इतकं साळसूद की अण्णांच्याही नजरेतून सुटलं. दुसऱ्या दिवशीच्या एजंटने ते खरं मानलं, त्याच्या पुढच्यानेही. साखर कारखाना हंगामात रविवार पाळत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या अहवालातून मात्र रविवारचा ऊस गायब व्हायला लागला, आणि ते कळेपर्यंत कारखान्याच्या शेतकी खात्याने मालकांना फोनवर नको ते ऐकवलं.

अण्णांनी एजंटला दोष दिला नाही. त्यांनी फाइलचे तीन भाग केले. पाहिलेलं. ऐकलेलं. वाटलेलं. स्वतः तपासलं असेल तर पहिल्यात लिहायचं, माणसाने सांगितलं असेल तर दुसऱ्यात माणसाच्या नावासकट, आणि नुसता अंदाज असेल तर तिसऱ्यात. "वाटलेलं लिव्हू दे की," म्हणाले, "पण वाटलेल्याला पाहिलेलं म्हणायचं न्हाय." हा नियम मी पुढे माणसांनाही लावून बघितला. फार थोडी टिकली.

नंतर एका उन्हाळ्यात मालकांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आइस्क्रीम. मालक आइस्क्रीम मागवायचे तेव्हा बातमी वाईट असायची. पुण्याची एक कंपनी आमची कंपनी घेत होती. हंगाम सुरू झाला की कारभार त्यांचा. मालक वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांचीच नजर खाली होती. "अण्णा," ते म्हणाले, "तुमच्या डोक्यात जे जे आहे ते सगळं त्या फाइलमध्ये उतरवा. त्यांची तेवढीच अट आहे."

"आणि मग मी?" अण्णांनी विचारलं.

मालकांनी आइस्क्रीमचा कप फिरवला. "बघू की," म्हणाले. सोलापुरात 'बघू की' म्हणजे नाही.

बाहेर आल्यावर मी अण्णांना गोदामाच्या जिन्यात गाठलं. म्हटलं, "अण्णा, हातचं राखून सांगा. सगळं ओतू नका. दोन-चार गाठी तुमच्याकडेच राहू द्या. हंगामात अडलं की झक मारत तुम्हाला बोलावतील." मला हे शहाणपणाचं वाटत होतं, अजूनही वाटतं. निवृत्तीला वर्षं होती, हैदराबादचा मुलगा विचारत नव्हता, आणि त्या ऑफिसाखेरीज ह्या माणसाला दुसरं जग नव्हतं.

अण्णा जिन्यातच बसले. खाली टॉवेलांचे गठ्ठे बांधत होते. मग त्यांनी मला वडिलांची एक गोष्ट सांगितली.

त्यांच्या वडिलांचं एकदा जॉबरशी, म्हणजे मागांवरच्या मुकादमाशी, भांडण झालं होतं. जॉबरने चारचौघांत आईवरून शिवी दिली. वडिलांच्या मागाचा धोटा त्या दिवशी उडत होता. धोटा म्हणजे धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडाचा तुकडा, टोकाला लोखंड. वडिलांना ते माहीत होतं, ते जपून चालवत होते. सुटायची वेळ झाली. रागात त्यांच्या मनात आलं, जॉबरला कळू दे ह्या मागावर माझ्याशिवाय कुणाचं चालत नाही ते. बदलीवाल्याला काही न सांगता ते घरी आले.

"धोटा उडाला," अण्णा म्हणाले. "त्याच्या डोळ्यात घुसला. मागनं दुसरा डोळाबी गेला. नवीन लग्न झालतं त्याचं. आमच्याच गल्लीत ऱ्हायचा."

"वडिलांना कुणी काही बोललं?"

"कुणाला म्हायतीच न्हवतं. माग हाय, धोटा उडतो. त्यो माणूस रोज आमच्या दारावरनं जायचा, बायकोच्या खांद्याला धरून. माझा बाप मरस्तवर दाराकडं पाठ करून जेवला."

ते उठले, पँट झटकली. "बाईसाहेब, हातचं राखायचं मला सांगू नका."

त्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत अण्णांनी स्वतःला रिकामं केलं. मी शेजारी बसून बघत होते. कुठल्या कारखान्याचा काटा वजन उशिरा पाठवतो, कुठल्या गावात एकाच नावाचे दोन भाऊबंद आहेत, सगळं. सर्वांत जास्त त्यांनी पहाटे चारचं समजावलं. साखर कारखान्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, पहाटे चारला पहिली पाळी लागते तेव्हा बदलतो. रात्री एकला आलेली गाडी कालचीच. प्रोग्राममध्ये तारीख चार तास मागे ढकललेली आहे, आणि नवख्याला ती हमखास चूक वाटते. अण्णांनी लिहिलं, 'ही चूक न्हाय. हितं लई जण फसल्यात. दुरुस्त करशील तर काटा बंद पडंल.' आणि ते 'पाहिलेलं'मध्ये घातलं.

हंगामाची पहिली मोळी पडली, कारखाने सुरू झाले आणि अण्णांना निरोप दिला. मालकांनी शाल-श्रीफळाऐवजी सोलापुरी चादर दिली. विणकराच्या मुलाला, सोलापुरात, चादर! अण्णांनी ती तिथेच उलगडली, कडेचे धागे बोटांनी चाचपले, आणि पुन्हा घडी घातली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पुण्याहून आमचं काम बघणारी बाई व्हिडिओवर यायची. हुशार, गोड बोलणारी. तिने आठवड्याभरातच सांगितलं, "ही मेमरी फार वाढलीय. एजंट रोज एवढं वाचतो, त्यात गोंधळतो. आपण तिचं सार काढू." बोलण्यात तथ्य होतं, फाइल खरंच अवाढव्य झाली होती. सार काढायचं काम तिने एजंटलाच दिलं. अण्णांची सगळी बोली गाळून एक स्वच्छ इंग्रजी पान तयार झालं. मी म्हटलं, मला एकदा ओळीओळीने ताडून बघू द्या. ती म्हणाली, "जुनी फाइल जपून ठेवलीय, काळजी करू नका." ठेवली होतीही. पण एजंट जी वाचत नाही ती फाइल असून नसल्यासारखी. आणि पाहिलेलं, ऐकलेलं, वाटलेलं हे तिन्ही आता एकाच रांगेत बसले होते.

चार वाजताची गोष्ट त्या पानावर होती. 'तारखेसाठी जुनी तात्पुरती सोय' एवढीच. असं वाचल्यावर नवा एजंट काय करणार? कुणीतरी अहवाल नीटनेटका करायला सांगितला, त्याने ती जुनी सोय काढून टाकली आणि वर कळवलं की प्रोग्राम आता स्वच्छ झाला आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कारखान्याचा फोन. रात्रीच्या गाड्या दुसऱ्याच दिवसात जाऊन पडल्या, दिवसाचा हिशोब जुळेना, आणि हिशोब जुळल्याशिवाय नव्या दिवसाची पहिली पावती फाडायची नाही ही अण्णांचीच जुनी कडी होती. काटा ठप्प. मला कुठे हात घालायचा ते माहीत होतं, पण पुण्याची परवानगी मिळून सगळं सुरळीत व्हायला दुपार झाली. तोवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग फाटकापासून पार हमरस्त्यापर्यंत गेली होती. काट्यावरचा कारकून फोनवर रडकुंडीला आला होता. "म्याडम, जू खांद्यावर घेऊन बैलं उभी हायत हो उन्हात. तोडणीवाले मला मारायला उठल्यात." मागचा गलका मला ऐकू येत होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी अण्णांकडे गेले. तीच आमची शेवटची भेट. थंडी सरायच्या आत ते गेले. वहिनींनी दार उघडलं, "रा अम्मा, कूर्चो," असं घरच्या तेलुगूत 'ये, बस' म्हणत मला आत बसवलं आणि हळूच सांगितलं की हे घराबाहेर पडत नाहीत, जेवणावर लक्ष नाही. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. चेहरा लहान झाला होता. त्यांनी माझी नाही, त्याचीच चौकशी केली.

"बदलीवाला कसा हाय?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसाने मला पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवायला शिकवलं, त्याच्यापुढे जीभ रेटेना. मी सगळं सांगितलं. फाइलचं सार, चारची सोय, ठप्प झालेला काटा. ते ऐकताना त्यांचे हात मांडीवर एकमेकांना धरून होते.

"लागलं का कुणाला?"

"नाही अण्णा. गाड्या थांबल्या, बैलांचे हाल झाले. माणसाला काही नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. आत वहिनी भांडी लावत होत्या.

"आता संध्याकाळी कोण सांगतंय त्याला?"

"कुणीच नाही. तो आपलं आपण लिहितो, आपलं आपण वाचतो."

त्यांचे डोळे भरून आले. मी अण्णांना इतकी वर्षं पाहिलं, पण डोळ्यांत पाणी कधी पाहिलं नव्हतं. माझा जीव तुटला. ह्या माणसाने नोकरी गेली तेव्हा हूं का चूं केलं नव्हतं.

मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. भिंतीपासून सरकून ते पुढे आले. "अगं, पण तू हायस की! फाइल गेली तर गेली. तुला सांगतो, तू त्याला रोज सांग. पयल्यापासनं सांगतो, बस. घाई न्हाय ना?"

त्या दिवशी सकाळीच पुण्याहून मेल आला होता. महिनाअखेर सोलापूरचं ऑफिस बंद. माझं काम तिथूनच बघितलं जाईल, म्हणजे मी नको होते. फोन माझ्या पर्समध्ये होता. अण्णांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना घाई झाली होती.

"नाही अण्णा," मी म्हणाले. "सांगा."

आणि त्यांनी अगदी पहिल्या हंगामापासून सुरुवात केली.